कान नसलेली पेटी

"…उद्याच्या सोमवारपासून मी एकटाच बोललो तर चालेल का, अप्पा? तुम्ही आत आराम करा."

रेवणने विचारलं खरं, पण मान वर केली नाही.

नीलकंठअप्पा मठाचे गुरू. मोठ्या दुखण्यात त्यांचा घसा गेला. तेव्हापासून दर सोमवारी ते रेवणच्या कानात एक वाक्य पुटपुटत आणि रेवण ते माईकवरून मंडपाला सांगे. आधी तेवढंच सांगे. मग त्यात दृष्टांत आले, विनोद आले. लोक माना डोलवू लागले.

अलीकडे अप्पांचं वाक्य पुरं होण्याआधीच रेवण बोलायला लागे.

मंडप झाडणाऱ्या गंगाबाईंनी झाडू थांबवला. "काय रे रेवणा, अप्पा मूठभर जोंधळा देतात न् तू तासभर दळतोस. एवढं पीठ येतंय कुठनं?"

रेवणचा चेहरा उतरला. "लोक ऐकायला येतात, मावशी."

"येतात की. कुणाला?"

अप्पांनी कोपऱ्यातल्या नव्या खोक्याकडे बोट दाखवलं.

मठात स्पीकर चालवणारा एक रिसीव्हर होता. घरी सिनेमा बघायला घेतलेला, एका भक्ताने आणून दिलेला. घरच्या खोलीत तो घुमायचा. मठाच्या मंडपात मात्र दमून जाई. तापे, आणि प्रवचन रंगात आलं की बंद पडे. म्हणून त्याच्या जोडीला त्या खोक्यातली ॲम्प्लिफायरची पेटी आणली होती.

रेवणने रिसीव्हरच्या पाठीतून एक बारीक वायर काढून नव्या पेटीत खोचली. स्पीकरच्या जाड वायरी रिसीव्हरवरून सोडवून पेटीला बांधल्या. मग पेटीच्या तोंडावरून हात फिरवला.

"अप्पा, हिला कानच नाही! पिळायचा कुठं?"

रेडिओच्या काळापासून मठात आवाजाच्या बटणाला कानच म्हणत.

अप्पांनी जुन्या रिसीव्हरकडे पाहिलं.

"म्हणजे… जोर हिचा, आणि कान त्याचा?"

अप्पांनी मान डोलावली.

रेवणने अप्पांचं जुनं प्रवचन लावलं आणि रिसीव्हरचा कान हळूच पिळला. घसा शाबूत असतानाचा तो आवाज मंडपभर भरून राहिला. गंगाबाईंनी झाडू खाली ठेवून हात जोडले.

रेवणने रिसीव्हरवर तळवा टेकवला. गार होता.

"हा तर नुसता बसून आहे, अप्पा. सगळी मेहनत हिची. ही एकटीच पुरे की!"

अप्पा खांबाला धरून उठले. रिसीव्हरच्या मागे हात घातला, बारीक वायर तिथून उपसली आणि तिचं मोकळं टोक बोटांत धरलं.

घूंऽऽऽ…

स्पीकर नुसतेच घोंगावले, वरचे पत्रे थरथरले. कबुतरं फडफडत बाहेर पडली. पेटीचा दिवा मात्र तसाच ऐटीत जळत होता.

"अप्पा! हे काय?"

अप्पांचे ओठ हलले. त्या आवाजात काही ऐकू येईना.

रेवण गुडघ्यांवर बसला. सोमवारी नेई तसा कान त्यांच्या ओठांशी नेला… आणि या वेळी तोंड मिटून थांबला.

"ही एकटी बोलतेय…" अप्पा पुटपुटले.