गाण्याचं पीठ

राजा खड्गसेनाने सकाळी दात घासता घासता हुकूम सोडला, की राजवाड्याच्या दळणघरात यापुढे कोणी ओवी म्हणायची नाही.

तिथे बारा जात्यांवर चोवीस बायका फौजेचं दळण दळत. राजाचं म्हणणं सरळ होतं. तोंडाने जाणारा दम वाचला की तो हातात येणार आणि पीठ वाढणार. दिवाणजींनी मान डोलावली, कारण मान डोलावण्याचाच त्यांना पगार होता.

चार दिवसांत दळणघराची रया गेली. एकाच जात्याचा खुंटा धरणाऱ्या दोघी एकमेकींवर खेकसू लागल्या. नवी नवरी चंद्रा तर रडकुंडीला आली. घरी सासूसमोर तोंड उघडायची सोय नाही. आई आजारी आहे हे तिने मागे ओवीतूनच सांगितलं होतं, आणि बाकीच्यांनी तिचं दळण वाटून घेऊन तिला माहेरी धाडलं होतं. आता कुणाला काय झालंय ते कुणालाच कळेना.

भिवरा या सगळ्यांत जुनी. तिला हे बघवेना. ती थेट दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, आमचं गाणं परत द्या."

"कशाला? गाण्याने पोट भरतं का?"

"भरतं की."

"असं? मग गाण्याचं पीठ आणून दाखव. ज्वारीचं नको, गाण्याचं. चार दिवसांत आणलंस तर ओव्या सुरू. नाहीतर तू जात्याला पुन्हा हात लावायचा नाही."

दरबार खदखदून हसला. भिवराचं घर त्या जात्यावर चालत होतं. तरी ती मागे हटली नाही.

"आणते. फकस्त चार दिस निम्म्या बायकांना गाऊ द्या."

चौथ्या दिवशी तिने दरबारात पिठाची टोपली आणून ठेवली. राजाने चिमूटभर तोंडात टाकलं.

"हे तर ज्वारीचं!"

"ज्वारीचं कोठीत टाकलंया, महाराज. सहा जात्यांवर गायलो, सहांवर गप दळलं. ज्वारी एकाच कणगीतली, येळ बी तेवढाच. मग दोन्हीकडचं मापलं. दोन्हीकडं सारखं भरलं त्ये ज्वारीचं. गाणाऱ्या बाजूला ह्ये वरचं निघालं. तिथं गाण्याबिगर दुसरं काय जास्त न्हवतं."

"गाणाऱ्या बायका धट्ट्याकट्ट्या असतील."

"म्हून दोन दिसांनी अदलाबदल केली. गाणाऱ्या गप बसवल्या, गप बसलेल्या गायला लावल्या. पीठ गाण्याच्या मागं गेलं."

राजा हट्टाला पेटला.

"मग गप्प बसणाऱ्यांनी मुद्दाम हात आखडला असेल."

"आसंल बी," भिवराने कबूल केलं. "तर मग ज्याला गाणं नकोच हाय, त्यानंच दळून बघावं. तो काय गाण्यासाठी लबाडी करायचा न्हाई."

दिवाणजींनी सवयीने मान डोलावली, आणि मग आपण कशाला होकार दिला ते त्यांच्या लक्षात आलं.

राजा आणि दिवाणजी दळणघरात जाऊन जात्याशी समोरासमोर बसले. भिवराने खांबाच्या सावलीपासून हातभर अंतरावर एक खडा ठेवला. सावली खड्याला टेकली की थांबायचं.

"दिवाणजी, तुम्ही नुसता खुंटा धरलाय."

"मी ओढतोय, महाराज. तुम्हीच अडवताय."

दहा वर्षांतलं दिवाणजींचं हे पहिलं उलट उत्तर. सावली टेकली तेव्हा शेरभर पीठ पडलं होतं आणि दोघांचे गाल फुगले होते.

भिवराने खडा पुन्हा हातभर पुढे सरकवला आणि या खेपेला गळा मोकळा सोडला:

"राजा बसला दळाया, घाम टिपतो शेल्यानं,
दिवाण मान हलवी, जातं फिरंना मानेनं!"

राजा खो खो हसला. हसता हसता हात फिरतच राहिले. दुसरी ओवी झाली, तिसरी झाली. चौथीला राजाने आपलीच एक ओळ जोडली आणि दिवाणजींनी दबकत सूर धरला. सावली खड्याला टेकली तरी दोघे थांबेनात. भिवराने लगेच खुंटा धरून जातं थांबवलं.

पीठ भरलं दीड शेर.

"मगाशी हात ताजं हुतं," ती म्हणाली. "आता दमल्यावर बसलात, तरी अर्धा शेर वर."

राजाने पिठात बोट फिरवलं. "हरलो," तो म्हणाला. "हे गाण्याचं पीठ, आणि टोपलीतलंही गाण्याचंच. दिवाणजी, कोठीत जमा करा."

"कोठीत कसं, महाराज? ज्वारीचं पीठ तुमचं, त्ये कवाच कोठीत गेलं. गाण्याचं पीठ गाणारणींचं."

राजा इतका हसला की मिशीतलं पीठ उडालं. त्याने तिथल्या तिथे नवा हुकूम सोडला: ओव्या सुरू, आणि गाण्याने वाढलेलं पीठ रोज बायकांनी घरी न्यायचं. मग त्याने हळूच विचारलं, "आणि या अर्ध्या शेरात माझा वाटा?"

"तुमी एकच ओळ म्हणलात," भिवरा म्हणाली. "एक भाकरी हुईल."

राजाने ती मागून घेतली आणि दळणघरातच बसून खाल्ली.