गुऱ्हाळातलं टाकाऊ

कचऱ्यापासून इंधन या विषयावर माझी चाळीस व्याख्यानं झाली होती; चूल मात्र मी एकदाही पेटवली नव्हती. एकेचाळिसावं व्याख्यान एका गुऱ्हाळावर ठरलं. स्वतःच्या फोटोचा भलामोठा फ्लेक्स बांधून मी गरजलो, "टाकाऊ ते जाळा, लाकूड वाचवा!"

गुळाच्या चुलवाणात जाळ घालणाऱ्या बायाक्का पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "सायेब, हितलं टाकाऊ काय हाय तेवढं आधी दावा. मग जाळायचं शिकवा."

मी ऐटीत शोधायला निघालो. रस काढलेली चिपाडं चुलवाणातच जळत होती. त्यांची राख शेतात जात होती, रसावरची मळी खतात आणि उसाचं वाडं म्हशीपुढं. तासाभरानं मी हात हलवत परतलो, तर बायाक्कांनी माझ्या फ्लेक्सकडं बोट केलं.

"ह्ये गावलं बघा! शिकवा आता जाळायला."

"नको, नको!" मी ओरडलो. "विषारी धूर होईल, गुळाला वास लागेल!"

"मग ऱ्हाऊ द्या हितंच. लावू कामाला."

आठवड्यानं पुन्हा गेलो, तेव्हा फ्लेक्स चिपाडांच्या ढिगावर पांघरलेला होता, फोटो खाली करून.

"पालथा का घातला?" मी विचारलं.

"सुलटा घातला की बैलं बुजत्यात, सायेब."