झिमाची हाळी

तांबजाईच्या जत्रेत ढोलकी आहे, तुणतुणे आहे, झांजा आहेत; मग पहिले गाणे एकट्या बाईने नुसत्या गळ्यावर, गावावरच्या कड्याकडे तोंड करून का म्हणायचे, असा प्रश्न तुम्हाला पडला का?

फार पूर्वी कड्याखालच्या वाडीत बमू ढेबे नावाचा गुराखी राहत असे. तेव्हा प्रत्येक गुराख्याची स्वतःची हाळी असायची. हाळी म्हणजे गुरांना परत बोलावण्याचे गाणे. त्यात गुराख्याचे नावही गुंफलेले असे, आणि गुरे त्याच हाळीला वळत. ज्याची हाळी त्यानेच घालायची. माणूस गेला, तरच ती त्याच्या बायकोकडे यायची.

एका उन्हाळ्यात बमूची कालवड कड्याच्या नाळेतून, म्हणजे कड्यामधल्या अरुंद उभ्या घळीतून, कोकणाच्या बाजूला उतरली. गुरे माथ्यावर ठेवून बमू तिच्यामागे गेला, तो परत आला नाही. माणसे नाळ शोधून आली, पण काहीच हाती लागले नाही. गुरे मात्र तो गेला त्या वाटेकडे बघत कड्याच्या टोकाशी उभी राहिली. वर पाणी नव्हते. काठी उगारावी तर बिथरून खाली कोसळतील अशी भीती. बाकीच्या गुराख्यांनी आपापल्या हाळ्या घालून पाहिल्या. एकाही गाईने मान वळवली नाही.

जत्रा तोंडावर आली होती आणि लखू शाहिराचा फड गावात उतरला होता. तो म्हणाला, "माझं गाणं ऐकून माणसं रडतात, तिथं गुरांचं काय घेऊन बसलात!"

बमूचा म्हातारा बाप कोंडबा म्हणाला, "बाबा, रडवू नगंस. नुसती खाली आण."

शाहीर साथीदारांसह वर गेला. ढोलकीवर थाप पडताच गुरे दचकून आणखी टोकाकडे सरकली. शाहिराने घाईघाईने ढोलकीवर हात ठेवला.

मग सगळ्यांनी बमूच्या बायकोकडे, झिमाकडे पाहिले.

झिमा म्हणाली, "मामंजी, मी हाळी घातली तर त्ये गेलं असं हुईल. मी अजून चुलीवर त्यांची भाकर टाकते."

कोंडबा खाली बसला. "माझाबी ल्योकच हाय, पोरी," एवढेच तो बोलला.

एक गाभण गाय गुडघ्यांवर आली. झिमा तिच्याकडे बघत राहिली. मग पदर डोक्यावर घेऊन तिने हाळी धरली, गुरांच्या चालीची, संथ:

"ये गं कपिले, ये गं तांबे, ऊन कड्याच्या खाली गेलं,
हाक मारतो..."

इथे तिचा आवाज थांबला. तिने नवऱ्याचे नाव कधी तोंडातून काढले नव्हते. गुरांनी माना वळवल्या, पण पाऊल उचलले नाही. म्हणे, वारासुद्धा पडला होता. मग झिमाने नाव घेतले:

"हाक मारतो बमू ढेबे, पाणी वाटेवर आलं."

गाभण गाय उठली. तिच्यामागे सगळी गुरे एकामागून एक उतरू लागली. झिमा पुढे चालत तेच गाणे पुन्हा पुन्हा म्हणत होती. म्हणे, दर वेळी नावाशी आली की ती जरा थांबायची आणि नाळेकडे बघायची. नाळेतून कोणी ओ दिली नाही.

गुरे ओढ्यावर पाणी पिऊ लागली, तेव्हा लखू शाहीर म्हणाला, "झिमावहिनी, जत्रेत आधी हे गाणं. आमचं मागनं."

आजही कितीही मोठा फड येवो, त्या गाण्याआधी ढोलकी वाजत नाही. जी बाई गाते ती नावाशी थोडी थांबते, आणि जमलेली माणसे कड्याकडे बघतात. आमच्याकडची सगळी गाणी अशा हाळ्यांतूनच निघाली असे जुनी माणसे सांगतात.

झिमाने त्या संध्याकाळी भाकरी थापल्या त्या दोघांपुरत्याच, स्वतःसाठी आणि सासऱ्यासाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गोठ्याचे दार उघडले आणि गुरांमागून ती स्वतः माळावर गेली.