जोडीचा ठोका

शिडाची जहाजं भंगारात गेली आणि त्यांच्यावरची घड्याळं श्रीमंतांच्या दिवाणखान्यात आली, त्या काळातली ही गोष्ट. बाबलशेठना अशी घड्याळं जमवायचा भारी नाद होता. त्यातलं अमेरिकेहून आलेलं एक पितळी घड्याळ त्यांचं विशेष लाडकं. बोटीवरच्या घंटेसारखे त्याचे ठोके जोडीनंच पडत: टण-टण, टण-टण.

"असं दुसरं जगात नाही," शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ऐकून ऐकून घड्याळ शेफारलं. फळीवरच्या शेजाऱ्यांशी बोलेनासं झालं.

एके दिवशी एका खलाशानं हुबेहूब तसंच घड्याळ आणून विकलं. शेठनी ते पहिल्याशेजारी ठेवलं.

"दादा!" नवं घड्याळ आनंदानं ओरडलं. "एकाच कारागिराच्या बाकावर घडलो आपण, आणि दोन बोटींवर गेलो. दर वादळात वाटायचं, तू बुडाला तर नसशील?"



"काय रे, तुझा भाऊ का हा?" शेठनी पहिल्या घड्याळाला विचारलं.

"छे! माझ्यासारखं दुसरं नाहीच."

"मीही तेच म्हणतो," शेठ म्हणाले आणि हातोडी घेऊन आले. दर्यानं इतकी वर्षं जे सांभाळलं होतं, त्याचा दोन घावांत चुरा झाला.

त्या दिवसापासून पहिलं घड्याळ एकच ठोका देई आणि थांबे. जोडीचा ठोका पडतच नसे. घड्याळजीनं सगळं उघडून पाहिलं, पण बिघाड काही सापडला नाही.

शेठ मात्र खूश. पाहुण्यांना ते हौसेनं सांगत, "बोटीचं घड्याळ, आणि ठोका एकच! असं दुसरं जगात नाही."