सोल्मे गावाचे उंबरे

दमलात ना? बसा जरा. चढ फार नाही, पण माझे गुडघे रोज त्याच्याशी भांडतात. आत येताना तुमच्यापैकी दोघांनी सवयीनं पाय उचलला, ते मी पाहिलं. इथं गरज नाही. कोरियाच्या या दक्षिण किनाऱ्यावर बाकी गावांत उंबरे आहेत, आमच्या सोल्मेत एकाही घराला नाही. पाहुणे कारण विचारतात, मी सांगतो. चाळीस वर्षं सांगतोय.

फार पूर्वी समुद्रावर लढाई पेटली होती. समोरच्या खाडीत राजाची लढाऊ जहाजं बांधत, आणि मानसोक नावाचा सुतार तिथला मुख्य मिस्त्री होता. आमच्याकडे जहाजाच्या फळ्या लोखंडी खिळ्यांनी नाही, लाकडी खुंट्यांनी जोडत. खुंटी वर्षानुवर्षं वाळलेल्या लाकडाची हवी. ती पाण्यात फुगते आणि फळीला सोडत नाही. ओल्या लाकडाची खुंटी उन्हात आकसते, भोकात सैल होते. मानसोकला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण कोठारातलं वाळकं लाकूड संपलेलं, वरून घाईचा हुकूम आलेला, आणि त्यानं मान डोलावली. ओल्या खुंट्या ठोकल्या. ते जहाज पहिल्याच वादळात उसवलं. गावचे अकरा जण बुडाले, आणि एकाचंही प्रेत किनाऱ्याला लागलं नाही.

महिन्याभरात दुसऱ्या जहाजाचा हुकूम आला. त्यावर वल्ही मारायला ज्यांना नेमलं, त्यांत मानसोकचा एकुलता एक मुलगा चोल होता. आता मिस्त्री म्हणाला, वाळक्या खुंट्यांशिवाय जहाज बांधणार नाही. वरातीमागून घोडं, असं लोक म्हणाले, आणि त्यांचं काय चुकलं? वाळकं लाकूड फक्त घरांत उरलं होतं, दारांच्या उंबऱ्यांत. मानसोक दारोदार फिरला. कुणी शिव्या दिल्या, कुणी तोंडावर दार लावलं.

शेवटचं घर बुनीचं. तिचा नवरा त्या अकरांत होता. मानसोक दाराशी जाऊन उभा राहिला. त्यानं मागायच्या आधी बुनीनंच पहार आणली आणि उंबरा उचकटायला घेतला.

"माझा गेला," ती म्हणाली. "तुझा तरी येऊ दे."

हे कळलं तेव्हा गाव शरमलं. संध्याकाळपर्यंत खाडीवर उंबऱ्यांची रास लागली. त्यांच्याच खुंट्या करून ते जहाज बांधलं. लढाईत त्याची डोलकाठी मोडली, वल्ही तुटली, पण एक फळी हलली नाही, असं सांगतात. चोल परत आला.

मानसोकनं नवं लाकूड तोडलं, तीन वर्षं वाळवलं, आणि पहिला उंबरा खांद्यावर घेऊन बुनीकडे गेला. ती दारातच बसली होती.

"नको, मिस्त्री," ती म्हणाली. "तो कधी आलाच, तर फार दमून येईल. त्याला पाय उचलायला लावू नकोस."

मानसोक उंबरा घेऊन तसाच मागे फिरला. बुडालेल्यांच्या उरलेल्या दहा घरांनीही नको म्हटलं, मग बाकीच्यांना बसवून घ्यायला जड गेलं.

आजही इथं कुणी उंबरा बसवत नाही. थंडीत समुद्राचं वारं दाराखालून थेट अंथरुणात शिरतं आणि आम्ही म्हातारे रात्रभर खोकतो. दर वर्षी वाटतं, पुरे झालं, सुतार बोलवावा. पण माझा धाकटा मासेमारीला गेला, त्याला एकोणीस वर्षं झाली. मग बोलवायचं राहून जातं.