बर्फावरची फांदी

फार वर तिकडे उत्तरेला, जिथं उन्हाळा चार दिवसांच्या पाहुण्यासारखा येतो आणि नीट टेकायच्या आत उठून जातो, तिथं गोड्या पाण्याचं एक भलंमोठं तळं होतं. तळ्याकाठी चाळीसएक खोपटांचं गाव, आणि गावात झाडून सगळे कोळी. पिकेल अशी जमीन नाही, गुरं पोसतील असा चारा नाही. जे काय द्यायचं ते तळ्यानं द्यायचं, आणि तळं कधी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

वसंतात बर्फ फुटला की मासा अंडी घालायला ओढ्यांत चढायचा. तेव्हा महिनाभर जाळी खुंटीला, आणि पोट रानभाजीवर. उन्हाळ्यात होड्या निघायच्या; डास फोडून काढायचे, पण टोपल्या भरायच्या. पानगळीत धुकं उतरलं की मोठा मासा काठाशी यायचा. तो चिरायचा, धुरावर धरायचा आणि हिवाळ्यासाठी आढ्याला टांगायचा. मग यायचा हिवाळा. सहा महिने तळं दगडासारखं. तेव्हा पहारीनं बर्फ फोडून माणूस आत जाईल एवढं भोक पाडायचं आणि त्यात गळ सोडून हाडं गोठेपर्यंत बसायचं.

ह्या भोकांची एक रीत होती. संध्याकाळी उठताना भोकाशेजारी देवदाराची हिरवी फांदी रोवायची. का? तर रात्रीत भोकावर पापडासारखा पातळ बर्फ धरतो, वर हिम पडतं, आणि सकाळी कुणाच्या बापाला कळत नाही की इथं भोक आहे. म्हणून फांदी. फांदी दिसली तर वळसा घालायचा. जिथं फांदी नाही, तिथं डोळे मिटून पाय ठेवायचा. गावातली पोरं त्या बर्फावर हुंदडायची आणि आया घरात निवांत चुलीपाशी बसायच्या, ते ह्या रीतीच्या जिवावर.

त्या गावात दोन भाऊ होते. थोरला मोठा नशीबवान, असं लोक म्हणायचे. नशीब कसलं डोंबलाचं! तो पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचा, एवढंच. धाकटाही काही आळशी नव्हता हो, पण त्याच्या कपाळी यश नव्हतं. मागच्या हिवाळ्यात त्याला एक चांगली जागा सापडली. इमानदारीनं त्यानं फांदी लावली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्याच्या भोकाभोवती सातजण पहारी घेऊन बसलेले! फांदी जशी भोक दाखवते तशी मासाही दाखवते. चार दिवसांत जागा रिकामी झाली. धाकट्याच्या वाट्याला आले दोन मासे, आणि ती गोष्ट त्याच्या मनात काट्यासारखी रुतून बसली.

त्या वर्षी पानगळीत वादळ झालं. जाळी फाटली, धुरावरची मासळी पावसानं कुजली. हिवाळा लागला तेव्हा प्रत्येकाच्या आढ्याला रिकाम्या काठ्याच जास्त दिसत होत्या. आणि धाकट्याची बायको पोटुशी.

गावापासून दूर, तळ्याच्या एका कोपऱ्यात एक काळा कडा होता. तिथं कुणी फिरकत नसे. धाकट्यानं तिथं बर्फ फोडला, गळ सोडला, आणि काय सांगू, गळ बुडायचा अवकाश की मासा! दिवस मावळेस्तोवर त्यानं हातभर लांबीचे नऊ मासे काढले.

उठताना त्यानं फांदी हातात घेतली. समोर त्याला मागच्या वर्षीचे ते सातजण दिसू लागले. "इथं कोण मरायला येतंय?" तो स्वतःशीच म्हणाला. "तीन दिवस. फक्त तीन दिवस. मग लावतोच की. झाकली मूठ सव्वा लाखाची." त्यानं फांदी कड्यामागं टाकून दिली आणि मासे पोत्यात घालून रानाच्या वाटेनं घरी आला.

बायकोनं मासे पाहून तोंडाला पदर लावला. मग तिनं पहिला प्रश्न विचारला, कोळ्याचीच लेक ती. "फांदी लावलीत ना?"

"लावली गं," धाकटा म्हणाला. "पण बोलू नकोस कुणाजवळ. मासे मागच्या बाजूला हिमात पुरून ठेव. लागतील तसे काढू."

तिनं नवऱ्यावर विश्वास ठेवला. आता नवऱ्यावर नाही ठेवायचा तर कुणावर?

रात्रभर हिम पडलं. सकाळी धाकटा लाकडं आणायला रानात गेला, तिथनंच काळ्या कड्याकडे जाईन असं बायकोला सांगून. तेवढ्यात थोरला दारात उभा. हातात दोन मासे, फार मोठे नव्हेत.

"धाकट्याला काही मिळालेलं दिसत नाही," थोरला म्हणाला. "काल सबंध दिवस तो काठाशी दिसला नाही. कुठं बसलाय हा?"

धाकट्याची बायको गडबडली. मासे मिळालेत म्हणून सांगावं तर नवऱ्यानं जीभ बांधलेली. ती म्हणाली, "काळ्या कड्याकडे असतील, दादा. मासे इथंच ठेवा ना."

"छे, छे. त्याच्या हातात देतो, म्हणजे नको म्हणणार नाही. मानी आहे तो," थोरला हसून म्हणाला आणि बर्फावरून सरळ काळ्या कड्याकडे निघाला. वाटेत फांदी दिसली की वळसा घालत होता. पुढं कड्याजवळ फांदीच नव्हती, मग वळसा कशाला घालील?

दुपारी लोकांना थोरल्याची टोपी भोकाच्या कडेला सापडली. दोन मासे बर्फावर गोठून पडले होते. थोरला सापडला नाही. वसंतात बर्फ फुटेपर्यंत तो सापडायचा नव्हता.

सगळं गाव भोकाभोवती जमलं. भोकाच्या कडा पहारीनं तोडलेल्या होत्या, त्यामुळं बर्फ आपोआप खचला असं म्हणायलाही जागा नव्हती. गावचा म्हातारा, ज्याला सगळे आजा म्हणत, त्यानं एकेकासमोर उभं राहून विचारलं, "हे भोक तुझं?"

"माझं नाही, आजा." "माझं नाही." "माझं नाही."

धाकट्याची पाळी आली. त्याचे गाल ओले होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं. भाऊ गेला होता त्याचा. बाजूला वहिनी बर्फावर कोसळून पडली होती. "माझं नाही," धाकटा म्हणाला.

आजानं थोरल्याची टोपी उचलून घेतली. मग म्हणाला, "म्हणजे आपल्यातल्या कुणीतरी फांदी न लावता भोक सोडलं आणि तो खोटं बोलतोय. ज्यानं एक सोडलं त्यानं आणखी किती सोडली असतील? कुठं सोडली असतील? आजपासून बर्फावर कुणाचं पाऊल पडायचं नाही."

घरी आल्यावर धाकटी नवऱ्याकडे बघत राहिली. "तुम्ही म्हणालात लावली," एवढंच ती बोलली. त्यानंतर तिनं त्याच्याशी बोलणं सोडलं.

आणि मग भूक आली. पायाखाली मासा पोहत होता आणि वर माणसं उपाशी. बर्फाकडे बघायचीसुद्धा लोकांना धास्ती. जो तो शेजाऱ्याकडे संशयानं पाही. "तूच असशील," "तुझ्या बापानंही असंच केलं असतं," असली भांडणं रोजची झाली. आधी कुत्री मेली. नवव्या दिवशी आजाची म्हातारी गेली. तिनं आपला घास नातवंडांना देऊन टाकला होता.

दोन मासे त्या पहिल्या रात्रीच संपले होते, उरलेले सात धाकट्याच्या खोपटामागं हिमात पुरलेले होते. काढायचे कसे? चुलीवर मासा चढला की वास गावभर जाणार, आणि हा मासा आला कुठून, हे कुणीही विचारणार. पोटुश्या बायकोसमोर तो ते मासे उकरू शकत नव्हता, आणि उकरले असते तरी तिनं तोंड लावलं नसतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, ह्याला तर न खाताच खवखवत होतं.

बाराव्या दिवशी वहिनी आली. सोबत चार वर्षांची पोर. वहिनीच्या हातात थोरल्याचं जाळं होतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "हे तुम्ही घ्या. तुमच्या दादांना हेच बरं वाटलं असतं. सगळ्या गावात आता मला तुमच्याशिवाय कुणावर भरवसा ठेवता येत नाही."

पोर बापाच्या जाळ्याचा चामडी पट्टा तोंडात धरून चघळत होती. धाकट्यानं तो तिच्या तोंडातून काढायला हात पुढं केला, तर ती कळवळून रडायला लागली. तिला वाटलं, काका आपलं खाणं हिसकावतोय.

धाकटा उठला. खोपटामागं जाऊन त्यानं दोन्ही हातांनी हिम उकरलं, सातही मासे पोत्यात भरले आणि गावाच्या मधोमध जाऊन हाकाटी केली. लोक भिंती धरत धरत बाहेर आले. त्यानं पोतं आजाच्या पायाशी ओतलं.

"ते भोक माझं होतं," तो म्हणाला. "माझ्या हातानं मी फांदी फेकून दिली. माझ्या दादाला मी मारलं. आजा, मला काय हवी ती शिक्षा करा. पण ते एकच भोक होतं हो! बाकी सगळं तळं धड आहे. पहारी काढा, चला, पोरं मरताहेत!"

वहिनीनं पोरीला उचलून घेतलं आणि चार पावलं मागं सरली.

"मासे पोरांना वाटा," आजा म्हणाला. मग तो धाकट्याकडे वळला. रागावलासुद्धा नाही, आणि तेच धाकट्याला फार लागलं. "एकच भोक होतं म्हणतोस. असेलही बाबा. पण बायकोला लावली म्हणालास. मला माझं नाही म्हणालास, भावाची टोपी समोर असताना. आता तुझ्या कुठल्या शब्दावर मी माझ्या नातवाला पाय ठेवायला सांगू?"

कुणी पहार काढली नाही.

धाकटा तसाच काठाकडे चालू लागला. बर्फावर उतरला आणि चालत राहिला. गाव जिथं गळ टाकायचं तेवढ्या टापूत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, मग हातभर सरकून परत, शेतकरी नांगराचे तास घालतो तसा. दर पावलाला पाय आपटत होता. मागं दोर धरायला कुणी नव्हतं, आणि त्यानं मागितलाही नाही. वारा असा की पापण्या चिकटत होत्या. तो दिवस चालला, दुसरा दिवस चालला. पायांतले बूट फाटले तरी चालत होता. ज्या जुन्या भोकांवर फांद्या होत्या, तेवढीच त्यानं टाळली. आणखी एकही भोक निघालं नाही.

लोक काठावर उभे राहून बघत होते. पहिली खाली उतरली ती वहिनी. तिनं खांद्यावर थोरल्याची पहार घेतली होती. ती धाकट्याच्या ठशांत पाऊल टाकत टाकत गेली, कारण पोर उपाशी होती. दुसरं कारण नव्हतं. त्याच्या अंगावरून जाताना तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"वहिनी," तो म्हणाला.

तिनं पहार उगारली आणि बर्फ फोडायला सुरुवात केली.

गाव जगलं. धाकटीला मुलगी झाली. धाकट्याच्या दोन्ही पायांची बोटं गेली, आणि पुढं त्याच्या होडीत कुणी बसलं नाही. वसंतात थोरला सापडला तेव्हा त्याला खांदा द्यायला धाकट्याला कुणी बोलावलं नाही. तो लांब उभा राहिला.

फांद्या लोक अजूनही लावतात. उलट आता तर प्रत्येक भोकाला दोन दोन लावतात. पण जिथं फांदी नाही तिथंही आता कुणी डोळे मिटून पाय टाकत नाही. म्हातारी माणसं, बाया, अगदी एवढाली पोरंसुद्धा हातात लांब काठी घेऊन निघतात, पुढचा बर्फ ठोकतात, कान देऊन ऐकतात, आणि मगच एक पाऊल टाकतात. त्या तळ्यावर पोरं पुन्हा कधी हुंदडली नाहीत.

ऐकणाऱ्यानं गाठीला बांधायचं ते हेच, तात्पर्य: एकाच्या खोट्यानं एकाचाच जीव जातो असं नाही, सगळ्यांच्या पायाखालचा भरवसा जातो, आणि तो गुन्हा कबूल करूनही परत मिळत नाही.