कालवांचं माहेरपण

फार वर्षं झाली, तेव्हा खाडीच्या मुखाशी खारवाडी होती आणि वर, नदी येऊन मिळते तिथे गोडेवाडी. खडकांना चिकटून शिंपल्यात वाढणारी कालवं दोन्हीकडे होत. खारवाडीची लहान आणि खारट, गोडेवाडीची गुबगुबीत पण आळणी. एकमेकांच्या कालवांना नावं ठेवण्यात दोन्ही वाड्यांचा जन्म जाई, आणि तरी सोयरिकी तिथेच होत!

खारवाडीच्या आवडूबायची एकुलती लेक केसर अशीच गोडेवाडीला दिलेली. तिला दिवस गेले आणि पोटात अन्न ठरेना. सासूनं काय काय करून घातलं, सगळं उलटून पडे. पोर वाळत चालली. तिचं एकच मागणं, "म्हायारची कालवां व्हयी." तिला माहेरी न्यावं, तर वैद्यांनी होडीचा प्रवास बंद केलेला.

आवडूबायनं खारवाडीच्या खडकावरची जिवंत कालवं सुंभाच्या दोरीला बांधली आणि लेकीच्या धक्क्याखाली पाण्यात सोडली. म्हणजे लागतील तशी ताजी काढता येतील. माय ती, तिला वाटलं चव शिंपल्यात असते.

थोड्याच दिवसांत कालवं छान भरली. केसरनं एक तोंडात घातलं, ते गोडेवाडीच्या इतर कालवांसारखंच आळणी लागलं आणि तिला रडू कोसळलं.

"आये, ही पण हयसरचीच झाली गे!"

आवडूबायला उमगलं. लेक कालवांबद्दल बोलत होती, पण फक्त कालवांबद्दल नव्हे. तिनं दोरी तशीच उचलली, होडीला बांधली आणि खारवाडी गाठली. कालवांना चार भरत्या समुद्राचं पाणी पाजलं आणि परत निघाली.

अर्ध्या वाटेत ओहोटी लागली. वल्ही मारून हात भरून आले, होडी पुढे सरकेना. तेव्हा एका आईनं दुसरीला सांगावं तशी ती खाडीला म्हणाली, "बाये, तूय आवस मां? माझ्या चेडवान खाल्ल्याशिवाय उतरा नको."

असं म्हणतात, की खाडी थांबली. उतरतं पाणी उलटं फिरलं आणि होडी थेट लेकीच्या धक्क्याला लागली. केसरनं कालव खाल्लं. आधी जिभेला समुद्र लागला, मागून नदी. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आये, पेज वाढ."

आजही तिथली कालवं गोडेवाडीत दोरीवर वाढतात आणि फोडण्याआधी चार भरत्या खारवाडीला माहेरपणाला जातात. परतल्यावर पहिलं कालव गावातल्या गरोदर सुनेचं. देवाचा नैवेद्यसुद्धा नंतर. सासू विचारते, "खयची गे चव?"

सून कुठल्याही गावची असो, आवडूबायचं नाव घेते आणि म्हणते, "दोनय पाण्यांची."